'किमान विमा घेतला की झालं' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

'अमेरिकेतल्या मुलांनो, गाडीच्या विम्यावर पैसे वाचवा' असा मेसेज सध्या फिरतोय. माझ्या मावसबहिणीने तो सांगलीहून न्यू जर्सीतल्या मुलाला पाठवला आणि त्या शहाण्याने कर्जावर घेतलेल्या गाडीचं कॉलिजन कव्हर, म्हणजे धडकेत स्वतःच्या गाडीचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, काढून टाकलं. म्हणून हे लिहितेय.

'राज्याने सांगितलेला किमान विमा म्हणजेच पूर्ण विमा.' सगळ्यात घातक वाक्य हेच. किमान विम्यात जी सक्ती असते ती मुख्यतः लायबिलिटीची, म्हणजे तुमच्या चुकीने दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याची. न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीची किमान मर्यादा १ जानेवारी २०२६ पासून ३५/७०/२५ आहे: एका जखमीसाठी ३५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ७० हजार, मालमत्तेसाठी २५ हजार. समोरच्याची ४५ हजारांची नवी गाडी भंगारात गेली तर वरचे २० हजार कोण देणार? तुम्ही. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर पगारातूनही कापले जाऊ शकतात. आणि तुमची स्वतःची गाडी? तिच्यासाठी शून्य. तिला कॉलिजन लागतं. चोरी, गारपीट, हरीण आडवं येणं यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या करारात ही दोन्ही कव्हर बंधनकारक असतात. काढलीत तर बँक स्वतःच महागडा विमा घेते आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच वसूल करते. वाचले का पैसे?

एक मात्र कबूल करावं लागेल. गाडी जुनी, कर्ज फिटलेलं आणि किंमत दोन-तीन हजारांवर आलेली असेल, तर कॉलिजन सोडणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण मेसेजमध्ये ही अट कुठेच नाही.

'सगळ्या राज्यांत १५/३०/५ पुरतं.' हा आकडा आणला कुठून ते दिसतंच. कॅलिफोर्नियात १९६७ पासून हाच होता, पण १ जानेवारी २०२५ ला तो ३०/६०/१५ झाला. न्यू जर्सीतही २०२२ अखेरपर्यंत हाच होता. टेक्सासात ३०/६०/२५ आहे. विम्याचे नियम इथे राज्यं ठरवतात, त्यामुळे 'सगळ्या राज्यांत' अशी सुरुवात दिसली की पुढचं वाचूच नये.

'काही राज्यांत विमा लागतच नाही.' न्यू हॅम्पशायरपुरतं खरं, पण तिथेही अपघात तुमच्या चुकीने झाला तर भरपाई तुमच्याच खिशातून. व्हर्जिनियात पूर्वी ५०० डॉलर भरून विम्याशिवाय गाडी चालवता यायची. १ जुलै २०२४ पासून ते बंद झालं.

'स्वस्त राज्यातल्या मित्राचा पत्ता द्या.' ही सरळ फसवणूक आहे. फिरायला दुसऱ्या राज्यात गेलात तर बहुतेक पॉलिसी तिथल्या किमान मर्यादेपर्यंत आपोआप वाढतात, हे ठीक. पण गाडी रोज रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनला उभी असताना कागदावर पत्ता ओहायोचा असेल, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

'लाल गाडीचा हप्ता जास्त.' कंपन्या रंग विचारतच नाहीत. पुढे.

खरंच पैसे वाचवायचे असतील तर राज्याच्या विमा विभागाच्या साइटवर जा. न्यू जर्सीत तो बँकिंग अँड इन्शुरन्स विभाग. कुठली मर्यादा कशासाठी, हे तिथे साध्या भाषेत दिलंय, एजंटचं लायसन्स तपासता येतं आणि कंपनी क्लेम अडवून बसली तर तक्रारही फुकट करता येते. कंपनी निवडण्याआधी राज्यांच्या विमा आयुक्तांची राष्ट्रीय संघटना एनएआयसी हिच्या साइटवर त्या कंपनीचा तक्रार निर्देशांक बघा. १ च्या आसपास असेल तर सर्वसाधारण. २ म्हणजे धंद्याच्या मानाने दुप्पट तक्रारी. अशी कंपनी महिन्याला दहा डॉलरने स्वस्त पडली तरी मी घेणार नाही.