रॅम आणि प्रोसेसरचा स्पीड सेम? नाय हो

आपल्या कुडाळ-सावंतवाडीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की ओव्हरक्लॉक करताना (म्हणजे कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवताना) प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झला नेला तर रॅमपण ४००० स्पीडचीच पायजे, नायतर बोर्ड जळतो. असं काय नसतं हो. बोर्ड जळायला जास्तीचं व्होल्टेज लागतं, आकडे जुळले नाय म्हणून कोण जळत नाय.

ह्या गजालीचं मूळ जुनं आहे. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळात २६६ मेगाहर्ट्झचा बस (प्रोसेसर आणि बोर्ड जोडणारी लाईन) गुणिले ९ म्हणजे प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झ, आणि बस वाढवला की रॅमपण त्याच्यासोबत वर जायची, म्हणून लोक रॅम बसशी १:१ ठेवायचे. बसशी हां, प्रोसेसरच्या फायनल स्पीडशी नाय!

आता एएमडीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर घ्या. डीडीआर४ ३६०० ची रॅम खरी चालते १८०० वर, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून आकडा डबल (सीपीयू-झेड ह्या स्पीड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे १८०० बघून माझा भाचा अर्धी रॅम खराब म्हणून दुकानात परत द्यायला निघालेला), आणि जुळवायचं ते आतल्या इन्फिनिटी फॅब्रिकशी (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी लाईन), तेपण १८००. कोअर मल्टिप्लायरने (बेस स्पीडला गुणायचा आकडा) प्रोसेसर ४.२ गिगाहर्ट्झला न्या नायतर ४ ला, रॅमला त्याचं सोयरसुतक नाय. उलट मेसेज वाचून ४००० ची रॅम लावलीत तर ऑटो सेटिंगमधे १:१ मोडून २:१ होतं, म्हणजे रॅम सांभाळणारा कंट्रोलर रॅमच्या अर्ध्या स्पीडवर जातो, लेटन्सी (डेटा यायला लागणारा वेळ) वाढते आणि महागडी रॅम ३६०० वालीपेक्षा गेममधे हळू चालू शकते. बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगात) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू केलंत का ते बघा आधी, बऱ्याच लोकांनी तेच केलेलं नसतं.