'सह्याद्रीपुत्र' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सह्याद्रीपुत्र (तुम्ही हेच नाव लावलंय, तर मीही तेच वापरतो),

पोलंडमधल्या क्राकोवच्या लिबान खाणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते सकाळी चहाबरोबर वाचलं. (लेख न वाचलेल्यांसाठी: त्या खाणीत 'शिंडलर्स लिस्ट' या सिनेमाचा सेट लागला होता. त्यातले कबरींचे नकली दगड खरे समजून हळवं झालेलं एक जोडपं मला तिथे दिसलं; ते फसलं, असं मी लिहिलं होतं.) चहा गार झाला. आधी चूक कबूल करतो: 'शिंडलर्स लिस्ट' १९९३चा, मी १९९४ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

पण "दोन लाख मोजून पोलंडला रडायला जाणाऱ्यांनी नेरूळहून तासाभरावरचं चिरनेर कधी पाहिलंय का?" ही काय विचारायची रीत झाली? पैसे माझ्या फंडाचे, तुमच्या खिशातले नव्हेत. आणि रडलो असं मी लेखात कुठे म्हटलंय? दाखवा.

चिरनेर माझं आजोळ आहे, साहेब. २५ सप्टेंबर १९३०ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, तेव्हा आजी नऊ वर्षांची होती. पुढे जन्मभर फटाका वाजला की ती उठून दाराला कडी घालायची. दिवाळीतसुद्धा. आम्ही पोरं हसायचो. शेवटी शेवटी एकदा तिला स्मृतिदिनाला घेऊन गेलो. मानवंदनेला पोलिसांनी हवेत फैरी झाडल्या, तशी तिने पदर दोन्ही कानांवर दाबला आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही. पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेल्यांना पोलिसांच्याच बंदुकांची सलामी! हे मला कुठल्या गाइडने सांगितलेलं नाही. त्या आठ हुतात्म्यांपैकी, नाग्या कातकरी सोडून, तीन नावं तरी मोबाइल न उघडता सांगता येतील का तुम्हाला? आजी गेल्यापासून माझं तिकडे जाणं कमी झालंय, पण तो विषय वेगळा.

बाकीचं थोडक्यात. सिनेमाचा सेट लागण्याच्या कितीतरी आधी त्या खाणीत नाझींची सक्तमजुरीची छावणी होती, तिथेही माणसं मेली, मग तिथे हळवे होणारे 'फसले' कसे, असं तुम्ही विचारता. माहीत आहे मला. लेखात ते राहिलं, जागेअभावी. पण ते जोडपं ज्या कबरींच्या दगडांवरून बोटं फिरवत होतं, ते सिनेमावाल्यांनी बनवलेले होते. नाझींनी ज्यू दफनभूमीचे खरे दगड उपटून रस्त्यात घातले ते शेजारच्या प्लाशोव छावणीत. तिथे त्या दिवशी गवतातून लोक कुत्री फिरवत होते. मला बोचलं ते हे, आणि तुम्ही नेमकं तेच वगळलंत.

हो, त्या नकली दगडांचा फोटो मीही काढला. लेख म्हटला की फोटो लागतो.

येत्या २५ सप्टेंबरला चिरनेरला जाणार आहे. तुम्हीही या. फक्त नाव सांगून या.