पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे पोराला कोणी सांगायचं?

परवा वहिनींनी मिठबावहून घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘मुलांना मोबाइल उपजतच येतो. डिजिटल साक्षरतेचा तास म्हणजे वेळेची नासाडी. स्वीडननेसुद्धा कॉम्प्युटर बंद करून पुस्तकं आणली. शाळेला लेखी विरोध कळवा.’ देवगडातल्या पालकांच्या ग्रुपांवर हाच मेसेज फिरतोय आणि वहिनी पत्रावर सही करायला निघाल्यात, म्हणून लिहितेय.

उपजत येतो? वहिनी, गेला एप्रिल आठवा. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणून फोन आला, हापूसच्या चार पेट्या सांगितल्या. ‘आगाऊ पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाक.’ दादा कलमांत, फोन पोराच्या हातात. नववीतला माझा भाचा दहा मिनिटांत रील बनवतो. दादाचा पिन त्याला पाठ. स्क्रीनवर रक्कम होती, खाली ‘पे’ लिहिलेलं होतं, तरी त्याने पिन दाबला. साडेनऊ हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे त्या लेकराला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस तो धड जेवला नाही. आणि आपण मोठ्यांनी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी! तो नंबर लगेच फिरवायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. आपल्यालाही कुठे माहीत होतं?

एका घरापुरती ही गोष्ट नाही. ‘असर २०२४’ ही देशभरच्या खेड्यांतली पाहणी. १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण समाजमाध्यमं वापरणाऱ्यांत पासवर्ड बदलता येणारी जेमतेम ५८ टक्के, प्रोफाइल खासगी करता येणारी ५५. बाकीची पोरं उघड्यावरच आहेत.

स्वीडनचं अर्धं खरं आहे, मान्य. २०२३ पासून तिथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी पैसे दिले, लहानग्यांचा स्क्रीन कमी केला. बालवाडीत टॅब नको, हे मीही म्हणेन. पण मोठ्या मुलांना डिजिटल शिक्षण देणं त्यांनी थांबवलेलं नाही.

शाळेत कॉम्प्युटर धड नाहीत, पावसात वीज नसते, हेही कोणीतरी खाली लिहिलंय. ‘पे’चं बटण खडूने फळ्यावर काढता येतं, त्याला वीज कशाला लागते?

एप्रिलचा तो स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय. पालकसभेत तो दाखवणार आहे, पोराचं नाव न घेता. वहिनी, तोवर सही करू नका.