लेक व्ह्यू असलेल्यांसाठी काही सूचना

तुमच्या बाल्कनीतून तळं दिसतं. त्या दिसण्याचे बिल्डरने चौरस फुटामागे जादा पैसे घेतले आणि तुम्ही ते दिलेत, म्हणजे तळ्यावर थोडाफार हक्क तुमचाही झाला. तेव्हा रविवारी सकाळी खाली जी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जलपर्णी ओढत असतात, त्यांच्याशी कसं वागायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

मुख्य म्हणजे खाली उतरू नका. उतरलात की कुणीतरी हातात दाताळं देतं. त्यांच्यात एक निवृत्त बँकवाले काका असतात, चार कॉलेजची मुलं असतात आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई असतात. काका निरुपद्रवी; ते फोटो काढतात नि पोहे वाटतात. जपायचं ते बाईंपासून. तुम्ही चहाचा कप घेऊन कठड्याशी उभं राहावं आणि मधूनमधून ‘त्या कोपऱ्यात राहिलंय हो!’ असं वरून सांगावं. लोकसहभाग एवढा पुरे.

बोलणं निघालंच तर ते जलपर्णीवर ठेवा. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, म्हणजे दोष बाहेरच्याचा, आणि बाहेरून आलेल्यांबद्दल बोलायला पुण्यात कुणाला संकोच वाटत नाही. हवापाणी मानवलं तर ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. ‘काय चिवट आहे हो!’ म्हणून हळहळावं. ती एवढी कशावर पोसते, हे मात्र विचारू नये. पोसते नायट्रोजन आणि फॉस्फरसवर, आणि हे दोन्ही आपल्या संडास-न्हाणीतून, कपड्यांच्या साबणातून, एकही सुट्टी न घेता तिला पोचतात. नेमकं इथेच बाई विचारतात, ‘हा नाला येतो कुठून?’ ‘वरून’ म्हणावं. खोटं नाही. आपण वरच राहतो.

आता सोसायटीच्या एसटीपीबद्दल. मोठ्या गृहप्रकल्पाला मैलापाणी शुद्ध करण्याची यंत्रणा लागते, तशी तुमच्याकडेही पार्किंगच्या मागे आहे. तिथलं काम जिवाणू करतात. जिवाणूंना हवा लागते, ती ब्लोअरने रात्रंदिवस पुरवावी लागते, ब्लोअरला वीज लागते आणि विजेचं बिल वार्षिक सभेत वाचून दाखवावं लागतं. सभेत जिवाणूंची बाजू मांडायला कुणी नसतं. म्हणून ब्लोअर बंद, जिवाणू मेलेले, आणि टाकीत जसं येतं तसंच पुढे नाल्यात जातं. तपासणीचा निरोप आला की ब्लोअर सुरू करावा. जिवाणू पुन्हा वाढायला आठवडे लागतात, पण तपासणीला आलेला माणूस तेवढा वेळ थांबत नाही. घरघर ऐकू आली की त्याचं समाधान होतं. खरी गंमत एप्रिलमध्ये. शुद्ध केलेलं हेच पाणी फ्लशला आणि बागेला वापरता आलं असतं, पण त्याच बागेसाठी तुम्ही टँकर मागवता. टँकरचा खर्च एकमताने मंजूर होतो, कारण टँकर सगळ्यांना दिसतो.

एखाद्या पहाटे मासे मरून तरंगतील. घाबरू नका. रात्री उजेड नसल्यामुळे पाण्यातल्या शेवाळाकडून प्राणवायू मिळत नाही आणि होता तो कुजणारी घाण संपवते, म्हणून हे बहुधा पहाटेच घडतं. तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणीतरी विष टाकलं’ असं लिहावं आणि स्वयंसेवकांनी काठावर घातलेल्या जलपर्णीच्या ढिगाचा फोटो जोडावा. तो ढीग न्यायला गाडी येत नाही, तो तिथेच कुजतो आणि पावसात त्याचा रस परत तळ्यात उतरतो, हे खरंच आहे. तरी तक्रार गाडीची करू नये. ढीग करणाऱ्यांची करावी. त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत.

बाई 2017 चे पाणथळ जागांचे नियम मोबाइलमध्ये घेऊन हिंडतात. पाणथळ म्हणून जाहीर झालेल्या जागेत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला त्यात मनाई आहे. पण पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांत येत नाहीत, हे तुम्ही त्यांना ऐकवा. कात्रजचं तळं नानासाहेब पेशव्यांनी बांधलं ते शनिवारवाड्याला आणि पेठांतल्या हौदांना पाणी द्यायला. आपलंही कुणीतरी कशासाठी तरी बांधलंच असेल. बाईंना आणखी वाद घालायचा असेल तर सारसबाग दाखवा. पर्वतीच्या पायथ्याशी तिथे तळंच होतं. आजही लोक ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, आणि बागेबद्दल कुणाची काही तक्रार नाही.

तेव्हा मागणी सुशोभीकरणाची लावून धरावी. दगडी काठ, जॉगिंग ट्रॅक, मध्ये रंगीत दिव्यांचं कारंजं. शेकाट्या आणि तुतवार हे पक्षी उथळ चिखलात चरतात, वारकरी पाणकणसात घरटं करतो (हाही पक्षीच, आषाढात येतात ते वेगळे). पेव्हर ब्लॉकवर काय चरायचं ते त्यांचं ते पाहून घेतील. नगरसेवकांना मात्र फीत कापायला जागा लागते, आणि बंद नाल्यावर फीत कापल्याचं कुणी पाहिलंय?

हल्ली ही मंडळी तळं सोडून नाल्याच्या काठाने वर चढू लागली आहेत. एक दिवस तुमच्या फाटकाशी येतील आणि एसटीपी बघू द्या म्हणतील. वॉचमनला सांगून ठेवा, सेक्रेटरी बाहेरगावी आहेत. लेखी पत्र मागा. पत्र आणलं तर त्यावर शिक्का मागा. शिक्काही आणला, तर खालच्या चेंबरचं झाकण उघडून दाखवण्यावाचून इलाज नाही. पण त्यांना आत सोडण्याआधी पाय धुवायला लावा. लॉबीत नुकतीच इटालियन फरशी बसवली आहे.