शिरोळकरांनी नदीत घरं बांधली नाहीत

पावसाळा आला की एक मजकूर फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं : कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या लोकांनी नदीत घरं बांधली म्हणून ती बुडतात, ऊस आणि महापूर सोडला तर तिथं आहे काय, गावं उठवा आणि माळावर न्या.

'नदीत घरं' म्हणणाऱ्यांनी एकदा खिद्रापूरला यावं. कृष्णाकाठच्या कोपेश्वर मंदिरात यादव राजा सिंघणाचा लेख आहे, १३व्या शतकाच्या सुरुवातीचा. वस्ती निदान ८०० वर्षांची. जुन्या लोकांनी घरं पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या उंच जागेवर बांधली आणि नदीलगतची मळी, म्हणजे गाळाची जमीन, पिकाला ठेवली. अलीकडे सखल भागात घरं झालीत, हे मान्यच. त्याबद्दल कान धरायलाच हवा. पण २०१९ ला जुनी गावठाणंही पाण्याखाली गेली, त्याला काय म्हणणार?

ते पाणी आलं घाटमाथ्यावरून. दिवसेंदिवस पाऊस कोसळला, धरणांतून विसर्ग वाढला. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते; कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेला पुढं वाट राहत नाही, पाणी मागं हटून शिवारात पसरतं. आम्ही त्याला फुग म्हणतो. त्यात वरून वारणेची भर.

'आहे काय' याचं उत्तर नृसिंहवाडीच्या दत्तमंदिराच्या घाटावर मिळतं. कृष्णेचं पाणी एकेक पायरी गिळत गाभाऱ्यात शिरतं, दत्तपादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या प्रवाहात अंघोळ करायला माणसं मध्यरात्रीही धावत येतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर, नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पुराला तोंड द्यायची रीतच इथं देवाच्या नेमात बसलेली आहे. पलीकडे कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो, तेही मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

उसाचं म्हणाल, तर पाण्याच्या अतिवापरानं इथली बरीच जमीन क्षारपड झाली. ते आमचंच दुखणं आहे, लपवत नाही.

राहिलं गाव उठवणं. माळावर घर मिळेल, पण मळीतलं रान आणि गोठ्यातली म्हैस तिथं कोण नेणार? पाणी चढू लागलं की आधी दावी सुटतात, जनावरं माळाला लागतात, मग माणसं निघतात. मागाहून नाव लागली तर गूळ शिजवायची मोठी काहिलसुद्धा नाव होते. पुनर्वसनाचा कागद करणाऱ्यानं आधी त्या म्हशीच्या चाऱ्याचं आणि रानाच्या वाटेचं लिहावं, मग घराच्या चौरस फुटांचं.