गवार

काल मी स्टँपपेपरवर सही करून कबूल केलं की मी गवार आहे. नोटरीसमक्ष.

झालं ते एवढंच. पहिल्या वर्षाचं ओळखपत्र हातात आलं. फोटो माझा, रक्तगट माझा, आणि आडनावाच्या शेवटी एसच्या जागी आर. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे गावस. इंग्रजीत जी ए डब्ल्यू ए एस. एका अक्षरात माझी भाजी झाली. भाजी हे आपलं मी स्वतःची समजूत घालायला म्हणतो. वर्गातल्या पणजीकर पोरांनी हिंदी अर्थ काढला, आणि तोही विनाविलंब. वाळपईकडचा म्हणजे रानातून आलेला हे त्यांना आधीच ठाऊक होतं, कॉलेजनं फक्त लॅमिनेशन करून दिलं.

कार्डावरची चूक हजेरीपटावरही होतीच. पहिले दोन दिवस ‘गवार’ पुकारलं की मी बाणेदारपणे गप्प बसलो. मग कळलं की पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. तिसऱ्या दिवशी ‘येस सर’ म्हणालो. माझा बाणा पंचाहत्तर टक्क्यांपुढे टिकला नाही.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रवेशाच्या वेळी मी काय काय दिलं होतं! दहावी, बारावी, आधार, शिवाय मामलेदाराकडून गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला. माझं वय अठरा, म्हणजे माझ्या आयुष्यातली तीनच वर्षं सरकारनं माझ्या शब्दावर सोडली होती. प्रत्येक कागदावर ठसठशीत गावस. ते सगळे कागद ज्या खिडकीत दिले, त्याच खिडकीतून गवार बाहेर आला.

दुरुस्तीसाठी चार खेपा झाल्या. सकाळी सहाची बस, साखळीला बदल, पणजीच्या स्टँडवर पुन्हा बदल, लेक्चर बुडवून खिडकीशी उभं राहायचं आणि ऐकायचं, "फाल्यां यो," म्हणजे उद्या ये. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा मॅडम रजेवर, एकदा जेवणाची सुट्टी. जेवणाच्या सुट्टीबद्दल मी बोलणार नाही. दुपारी एकनंतर गोव्यात कुणाकडून काही अपेक्षा करणं हा आपलाच दोष.

तर चौथ्या खेपेला रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. पांढरा लेंगा, बगलेत छत्री, हातात फाईल, नातीची मार्कशीट दुरुस्त करायला आलेले. त्यांनी न विचारता माझ्या गळ्यातलं कार्ड धरलं, मला त्याच्यासकट पुढे ओढलं आणि हात लांब करून वाचलं.

"गवार? हें आडनांव आयकूंक ना. कोणालो रे तूं?"

"गावस. चुकून छापलंय."

"खंयचो?"

"वाळपई."

"वाळपय म्हणजे खंय?"

"नगरगाव."

"नगरगांवांत कोणालो?"

आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "न्हंयच्या कुशीक पोफळींचें कुळागर? फणस पडून एकाचो पाय मोडिल्लो, तो तुजो कोण?"

"चुलत आजोबा."

झालं. पूर्ण कार्यालयाला महिनाभरात न जमलेली ओळखपरेड दोन मिनिटांत, एका फणसावर उरकली.

मग ते रंगात आले. "अरे पुता, तुझें एक अक्षर गेलें तर रडतोस? आख्ख्या डिचोलीचें पयलें अक्षर इंग्लिशींत बी. केप्याला क्यू. साखळीच्या शेवटाक एम, जो कोण म्हणत नाहीं. पोर्तुगेजांक के चालत नाशिल्लो, तांणीं सी लायलो. आमी तीन भाव. थोरल्याच्या जन्माच्या नोंदीत लिहिलें कामोतिम. एकसष्टांत हांव बारा वर्सांचो, पोर्तुगेज गेले, इंग्लिश शाळेंतल्या मास्तरान के लावन कामत केलो. धाकटो गल्फांत गेलो, मुंबयच्या एजंटान पासपोर्टार एच घालून कामथ. आतां घराची वाटणी करपाची आसा. तिगांनीं कोर्टांत दाखोवंक जाय, आमी एकेच आवयचे!"

"मग?"

"मग कितें? आवय वारली."

मागच्या मुलीला हसू आलं. मलाही यायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात खिडकी उघडली. नातीच्या आडनावातला एच गळला होता. म्हणजे नात धाकट्या भावाची, आणि तो भाऊ मस्कतला. आजोबा नात्यानं कामथचे भाऊ, कागदावर कामत. मॅडमनी विचारलं, "तुम्ही कोण तिचे?" आजोबांनी फाईल उघडली. त्या फाईलचं पुढे काय झालं ते लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. एकूण पस्तीस मिनिटं गेली आणि शेवटी, "फाल्यां येयात."

माझ्या वाट्याला मात्र प्रगती आली. चूक त्यांची होती हे मॅडमनी मोठ्या मनानं मान्य केलं, आणि दुरुस्तीसाठी मी ॲफिडेव्हिट आणायचं ठरलं. स्टँपपेपर माझ्या पैशांनी, नोटरीची फी माझी, बुडालेली लेक्चरंही माझीच. ज्यानं एसऐवजी आर दाबला त्याला फी नाही, खेप नाही. तो बहुधा जेवून झोपला असेल.

मजकूर ठरलेला असतो: अमुक आणि तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती एकच. म्हणजे गवार नाही असं लिहायची सोयच नाही. गवार आणि गावस एकच, असं शपथेवर सांगितलं तरच गवार सुटणार.

नोटरी म्हणाले, "दोन्ही नावांनी सही कर."

गावस म्हणून केली, ती नेहमीसारखी, जरा घाबरट. गवारची सही मात्र काय झोकदार आली! नोटरीनीसुद्धा वर बघितलं.