ताज्या डांबरावर गाडी कशी घालावी

काल भर दुपारी एका गृहस्थांनी पायाने शंकू सरकवला आणि नुकत्याच पसरलेल्या डांबराच्या कारपेटवर, म्हणजे रस्त्याच्या नव्या थरावर, चारचाकी घातली. रोलरची एकही फेरी अजून झालेली नव्हती. पंधरा-वीस पावलं गेल्यावर स्टिअरिंग जड लागलं, म्हणून तिथेच करकचून ब्रेक मारला. मग काच खाली करून विचारलं, "टायर पुसायला जरा डिझेल मिळेल का?"

डिझेल मिळालं नाही, त्याबद्दल खेद आहे. पण अशा होतकरू मंडळींना कुणी नीट मार्गदर्शनच करत नाही, हेही तितकंच खरं. शाळेत हे शिकवत नाहीत, लायसन काढताना विचारत नाहीत. तेव्हा फावडं-पंजा (माल ओढायचं दाताळं) धरणाऱ्यांच्या बाजूने ही थोडी सेवा. आपल्यासारख्या घाईतल्या माणसाने रस्त्याच्या कामावरून कसं जावं, ते खाली दिलं आहे.

सुरुवात शंकूपासून करावी. शंकू म्हणजे काय, दोन-चार किलोचं प्लास्टिक, लाथेने सहज सरकतं. वेगात येणाऱ्याला वळायला जागा मिळावी म्हणून ते तिरक्या रांगेत मांडलेले असतात. त्यातला नेमका मधला एक काढावा. मागच्या गाडीला तीच वाट वाटते, तिच्या मागच्याला पुढची गाडी दिसतच असते, आणि पाच मिनिटांत सगळी रांग आत. शंकू परत जागेवर ठेवण्याचा विचारही मनात आणू नये, त्यासाठी आम्ही आहोत.

हॉर्न वाजवत राहावा. हॉर्नने डांबर लवकर थंड होतं.

टॅककोट मारलेला दिसला तर त्यावरून आधी जाऊन घ्यावं. जुन्या पृष्ठभागाला नवा थर चिकटावा म्हणून मारलेलं ते डांबर-पाण्याचं पातळ इमल्शन असतं, चौरस मीटरला जेमतेम दोनशे-तीनशे ग्रॅम. मारलं तेव्हा तपकिरी दिसतं, पाणी सुटून काळं पडलं की माल, म्हणजे डांबर-खडीचं गरम मिश्रण, टाकायचा. तपकिरी असतानाच त्यावरून चाक फिरवलं की अर्धं टायरला जातं आणि खाली कोरडे पट्टे राहतात. त्या पट्ट्यांवर नवा थर चिकटत नाही, पुढे उतारावर किंवा गाड्या ब्रेक मारतात तिथे तो सरकतो. उरलेलं अर्धं आपल्या गाडीच्या दारावर उडेल, त्यासाठी भांडायला परत यावं.

आता मुख्य विषय. थर काळा आणि सपाट दिसला की रस्ता तयार झाला, असं समजावं. खरं तर तेव्हा ती डांबराने नुसती माखलेली सुटी खडी असते. माल मिश्रण बनवणाऱ्या प्लँटवरून निघतो तेव्हा साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअस असतो. पसरताना १४० च्या खाली गेलेला चालत नाही, आणि ९० वर यायच्या आत रोलिंग उरकावं लागतं. त्याखाली डांबर घट्ट होतं, मग कितीही टनी रोलर फिरवा, खडी फुटते पण थर दबत नाही. हातात वेळ किती? ४० मिलिमीटरचा थर आणि वारा सुटलेला असेल तर पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून कमी. त्या ४० साठी सैल माल ५० च्या आसपास पसरावा लागतो, उरलेले दहा मिलिमीटर रोलरने दाबून काढायचे. आधी आठ-दहा टनी लोखंडी रोलर, मग टायरचा, मग टायरच्या खुणा पुसायला पुन्हा लोखंडी. उताराच्या खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवत, ताशी ५ किलोमीटरच्या आत, म्हणजे माणसाच्या चालीने. आणि एवढा जड रोलर चालवणारासुद्धा गरम थरावर तो उभा करत नाही, झटक्यात ब्रेक मारत नाही, जागच्या जागी वळवत नाही. उभा केला की खळगा पडतो, वळवला की माल सरकतो. आपण मात्र बिनधास्त वळवावं.

"एवढा रोलर फिरतो, मग माझ्या गाडीने काय होतंय?" हा प्रश्न आठवणीने विचारावा. रोलरचं वजन अख्ख्या ड्रमच्या रुंदीवर सरळ खाली येतं. आपली गाडी तळहाताएवढ्या चार जागांवर उभी असते, आणि ब्रेक मारला की त्या चार जागा माल खाली दाबायच्या ऐवजी पुढे ढकलतात. चाकाखाली खोबण पडते, दोन्ही बाजूंना सैल माल उचलला जातो. चांगल्या दबलेल्या नव्या थरातही सात-आठ टक्के हवा असते, तेवढी चालते. त्याहून वाढली की पोकळ्या एकमेकींना मिळतात आणि पाण्याला आत वाट सापडते. आत पाणी, वरून चाकांचा दाब. खडीवरचं डांबर सुटतं, एक खडी निघते, शेजारची मोकळी होते, आणि मग आपणच त्या खड्ड्याचा फोटो काढून "बघा यांचं काम" असं लिहून सगळीकडे पाठवता.

बरं, खोबण दुरुस्त करायची म्हणजे वरून चार फावडी माल टाकून भागत नाही. वरवर भरलेला पातळ माल लगेच थंड होतो आणि खपलीसारखा निघतो. ती जागा पंजाने खोलवर उकरायची, सरकलेला माल घमेल्यात भरून बाजूला टाकायचा, डंपरमधून गरम माल आणायचा, हाताने पसरायचा. तोही फेकून नाही, अलगद ठेवून. फेकला की मोठी खडी एकीकडे घरंगळते, बारीक दुसरीकडे. हे सगळं माल ९० अंशांवर उतरायच्या आत. इतकं करून हाताने भरलेला तुकडा पेव्हरने, म्हणजे माल पसरणाऱ्या यंत्राने, टाकलेल्या थरासारखा कधीच होत नाही, तो वेगळा दिसतोच. तोवर पेव्हर थांबलेला. थांबलेल्या पेव्हरचा स्क्रीड, म्हणजे थर सपाट करणारा मागचा जड भाग, गरम मालात बसतो, पुन्हा निघताना तिथे आडवी पट्टी उमटते. मागे डंपरांची रांग. ताडपत्री कितीही ओढली तरी वरचा माल थंड होऊन त्याचे गोळे होतात, आणि गोळा स्क्रीडखाली अडकला की पुढे लांब ओरखडा. म्हणजे एका खोबणीचा हिशेब असा: एक ठिगळ, एक आडवी पट्टी, एक ओरखडा आणि परत पाठवलेला एखादा डंपर. हे सगळं कशासाठी? वळशाचा रस्ता चार मिनिटं लांब पडत होता म्हणून! चार मिनिटं! घरातून निघताना गाडीची किल्ली शोधायला याहून जास्त वेळ जातो.

असो. सल्ला देत होतो.

टायरला लागलेलं डांबर डिझेलने काढावं, आणि ते ताज्या रस्त्यावरच उभं राहून काढावं. डिझेल डांबर विरघळवतं. जिथे ठिबकेल तिथला थर मऊ पडतो आणि खडी सुटते, म्हणून तर रोलरच्या ड्रमवर पाणी सोडतात, डिझेल नाही. (आमच्यातही फावड्याला माल चिकटू नये म्हणून डिझेलचा बोळा फिरवणारे आहेत. त्यांचं कौतुक नाही, फावडं नीट खरवडून ठेवलं तर बोळा लागत नाही.)

ओलं काँक्रीट दिसलं की त्यात एक पाऊल उमटवून यावं. "वाळलंय की" म्हणायला विसरू नये. ते वाळून घट्ट होत नसतं, पाणी पिऊन घट्ट होतं, म्हणूनच त्यावर दिवसचे दिवस ओलं गोणपाट अंथरतात. पण आपल्याला काय.

खड्डा भर पावसातच बुजवून मागावा. त्याची खरी पद्धत अशी की कडा उभ्या आणि चौकोनी कापायच्या, आतली माती आणि पाणी काढायचं, तळाला आणि कडांना टॅककोट लावायचा, खोल असेल तर थराथराने भरून प्रत्येक थर दाबायचा, शेवटचा किंचित वर ठेवायचा. पाणी भरलेल्या खड्ड्यात गरम माल टाकला की वाफ होते, चिकटत काहीच नाही. तरी फोन करून "आत्ताच्या आत्ता टाका" म्हणावं. वरचे घाबरतात, मुकादमाला सांगतात, मुकादम आम्हाला सांगतो, आम्ही टाकतो. दोन दिवसांनी खडी रस्त्यावर पसरली की तीवरून घसरणाऱ्याने आमच्याच नावाने शंख करावा.

नळजोड रस्ता पूर्ण झाल्यावर आठवावा. आधी नाही.

टेंडर कुणाला मिळालं, किती टक्के कुठे गेले, गेल्या वर्षीचा रस्ता का उखडला, याचा जाब फावडं धरलेल्या माणसाला विचारावा. त्याच्याकडे सगळी कागदपत्रं असतात. कुठल्या खिशात ते मात्र सांगता येणार नाही.

लाल झेंडेवाल्याकडे लक्ष देऊ नये. रात्री काम चालू असेल तर हेडलाइट पूर्ण उंच ठेवून त्याच्या अंगावर यावं, म्हणजे त्याला काहीच दिसणार नाही आणि बाजूला कुठे व्हायचं तेही कळणार नाही. वेग कमी करू नये. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मोबाइलवर दोन सेकंद नजर गेली तर ३३ मीटर, आणि तेवढ्यात झेंडा, पाटी, शंकू सगळं मागे पडतं. पंजा मारणारा माणूस रहदारीकडे पाठ करून उभा असतो, कारण त्याची नजर थरावर हवी. सांधा जुळवताना तो मागे मागे सरकत असतो. कानाला पेव्हरची घरघर, रोलरची थरथर, मागे घेणाऱ्या डंपरचा भोंगा. आपली गाडी त्याला ऐकू येत नाही. आपल्या आरशापासून त्याची पाठ हातभर लांब असते.

आणि गाडी अंगावर आलीच, तर त्याने उडी कुठे मारायची? एका बाजूला तुमचा बंपर, दुसऱ्या बाजूला १४० अंशांचा थर. कधी विचार केलाय? गरम डांबर कातडीला चिकटतं, झटकून पडत नाही. ओढून काढायचं नसतं, कातडीच सोलून येते. निदान वीस मिनिटं गार पाणी ओतत राहायचं आणि ते तसंच चिकटलेलं ठेवून दवाखान्यात न्यायचं. जाड तळाच्या बुटांतूनही पाय भाजतात, वरून ऊन, तोंडावर वाफ, आणि मध्येच थांबून सावलीत बसायची सोय नाही, कारण माल थंड होतो. त्या माणसाच्या अंगावर तू चार मिनिटांसाठी गाडी घालतोस? आणि वर डिझेल मागतोस?

अरे, झेंडा लाल असेल तर थांब. इंजिन बंद कर, फोन खाली ठेव. वळसा दाखवलाय तर वळशाने जा, नकाशात काही का दाखवेना. पुढचा आत घुसला म्हणून तू घुसू नकोस. रोलर निघून गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही, थर अजून आत गरम असतो. मुकादम शंकू उचलेल तेव्हाच चाक टाक. आणि डिझेल मागायला खाली उतरू नकोस, मिळणार नाही.